होडी ॲव्हरेज किती देते?

पाटसमध्ये माणसाने काय काय विकत घ्यावं याची एक ठरलेली यादी आहे. आधी ट्रॅक्टर, मग ट्रॉली, मग रोटाव्हेटर, थोरल्याला बुलेट, आणि जमलंच तर हायवेच्या कडेला दोन गुंठे. शिडाची होडी या यादीत कुठेच बसत नाही. बाहेरचे लोक आम्हाला ओळखतात ते पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या टोलनाक्यामुळे. रेल्वेवाले दौंडच्या अलीकडचं स्टेशन म्हणून ओळखतात आणि साखरेतले लोक भीमा कारखान्यामुळे. समुद्र रस्त्याने दोनशे किलोमीटरच्या पुढे, आणि मधे अख्खा सह्याद्री. हा मुलूख भीमथडीचा, म्हणजे घोड्यांचा. राज्यगीतात आमचं नाव आलं तेही तट्टांच्या पुण्याईने. पाण्यावर तरण्याचा मान म्हणाल तर तो गाथेचा. तुकोबांची पालखी वरवंडचा मुक्काम उरकून पाटसला विसावते आणि रोटी घाट चढून उंडवडीकडे जाते. त्यानंतर वर्षभर पाण्यावर आणखी काही तरंगावं अशी गावाची अपेक्षा नसते.

तरीही मला शिडाची होडी घ्यायची आहे. पन्नाशीच्या आसपास पुरुषाला काहीतरी होतंच. कुणी गुडघ्याला पट्टे बांधून सिंहगड चढायला लागतो, कुणी अचानक शाकाहारी होतो, कुणी झेडपीला उभा राहतो. या सगळ्यांत होडी स्वस्त पडते, हे मी घरी कागदावर मांडून दाखवलं. झेडपीचा खर्च भावकीतल्या उदाहरणामुळे सगळ्यांना पाठ असल्याने हिशेब फार ताणावा लागला नाही.

खरी परीक्षा पारावर झाली. विषय काढल्याबरोबर पहिला प्रश्न आला, "ॲव्हरेज किती देती?"

"डिझेल लागत नाही," मी म्हणालो.

"मग चालती कशावर?"

"वाऱ्यावर."

यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एका आजोबांनी तंबाखू झटकली. "शेतकऱ्याला वाऱ्यावर सोडल्यालं आजवर लई बघितलं. शेतकरी पदरच्या पैशानं वाऱ्यावर निघाल्याला पयल्यांदाच बघतोय."

पुढचे प्रश्न व्यवहाराचे होते. लोन होतं का? सबसिडी आहे का? पासिंग कुठल्या आरटीओला? ट्रॉलीमागं ऊस किती बसतो हे ज्याला ठाऊक, त्याने होडीत ऊस किती बसेल हेही विचारून घेतलं. एकाने मात्र वर्मावर बोट ठेवलं, "वारा समोरनं असला तर?"

मी काडीने मातीत आकृती काढली. शिडाची होडी वाऱ्याच्या तोंडावर सरळ जात नाही. वाऱ्याच्या रेषेशी साधारण 45 अंशांचा कोन धरून ती आधी उजवीकडे तिरकी जाते, मग नाळ फिरवून डावीकडे तिरकी, असं करत करत वाऱ्याच्या उगमाकडे सरकते. पाण्याखाली एक उभी फळी असते, ती होडीला आडवं घसरू देत नाही. म्हणून ढकलणाऱ्या वाऱ्यातूनच पुढे जायची ओढ मिळते.

"म्हंजी जायचं सरळ, आन् जाती आडवी."

"हो."

"आन् तरी पोचती?"

"पोचते."

"मग घे. सोसायटीचं कर्जबी असंच मंजूर हुतंय."

गावाची परवानगी मिळाली ती एवढ्यावर. आता पाणी शोधायचं होतं.

कोकणातला नाखवा भरती-ओहोटी बघतो. पाटसच्या नाखव्याला आवर्तन बघावं लागतं. सगळ्यांत जवळचं मोठं पाणी म्हणजे वरवंडचा व्हिक्टोरिया तलाव. त्याचा काळ नावावरूनच कळतो. तो भरतो खडकवासल्याहून येणाऱ्या कालव्याने. भरतीची वेळ चंद्र ठरवतो, आमची वेळ कालवा सल्लागार समिती ठरवते. फरक एवढाच की चंद्राला निवेदन देता येत नाही. बाकी या पाण्याला परंपरा मोठी आहे. खडकवासल्याला एनडीएचे कॅडेट पीकॉक बेमध्ये शीड उभारायला शिकतात, आणि त्याच धरणातून निघालेलं पाणी हडपसर, यवत करत आमच्या उसाला येतं. ज्या पाण्यावर भावी ॲडमिरल उलटेपालटे झाले तेच पाणी आमच्या सरीत मुकाट्याने वाहतं. पुण्याला नदीकाठी रॉयल कनॉट बोट क्लब 1868 पासून आहे. त्याच्या समोरून वाहणारी मुळा-मुठाही पुढे आमच्याच तालुक्यात येऊन भीमेला मिळते. येताना जलपर्णी घेऊन येते. नदीत होडी घालायचा विचार मी तिथेच सोडला, कारण जलपर्णीत शिडापेक्षा कोयता जास्त चालतो.

राहता राहिलं उजनीचं फुगवट्याचं पाणी. आमच्या तालुक्यातल्या खानोट्यापासून भिगवण, कुंभारगाव आणि पुढे नजर पोचणार नाही इतकं. 117 टीएमसीचं धरण. कोकणातल्या माणसाने तोंडात बोट घालावं एवढं पाणी, पण त्याचा स्वभाव विक्षिप्त. निम्म्याहून जास्त साठा मृत धरला असल्यामुळे उन्हाळ्यात हे धरण शून्याच्याही खाली जातं. 2024 च्या उन्हाळ्यात साठा वजा 59 टक्क्यांच्या आसपास गेला, आणि त्याच पावसाळ्यात धरण भरलं. पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं पळसनाथाचं देऊळ वर येतं. नकाशावर खडक दाखवलेले असतात, पण इथे होडीच्या फळीला आधी कळस लागण्याची शक्यता आहे, आणि तेव्हा होडी थांबवावी की हात जोडावेत हे कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही. शिवाय रोहित पक्षी. हिवाळ्यात ते बघायला पुण्याहून गाड्या येतात आणि स्थानिक नावाडी वल्ह्याने, आवाज न करता, लोकांना जवळ नेतात. त्यांच्यामधे फडफडणारं शीड घेऊन घुसलो तर पक्षी उडतील आणि नावाडी माझ्या मागे लागतील. दोघांचंही बरोबरच असेल.

एक गोष्ट मात्र चेष्टेवारी नेण्यासारखी नाही. 21 मे 2024 ला संध्याकाळी कुगावहून कळाशीला निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उजनीत उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. वळवाचा वारा या भागात सांगून येत नाही. दुपारपर्यंत पान हलत नाही आणि चारच्या पुढे पत्रे उडतात. तेव्हा एप्रिल-मेमध्ये दुपार कलली की होडी काठावर उलटी घालून चहा प्यायचा, आणि खर्चाच्या कागदावर पहिली ओळ लाइफ जॅकेटची लिहायची. होडीच्या आधी. आपल्या वजनाला होणारं, बकल नीट लागणारं, आणि घालायचं. गादी म्हणून बुडाखाली घ्यायचं नाही. आमच्या पिढीने विहिरीत पोहायला शिकताना पाठीला पत्र्याचा डबा बांधला होता. जॅकेट म्हणजे तोच डबा, फक्त आता तो केशरी रंगात येतो आणि बापाच्या शिव्या त्यासोबत मिळत नाहीत.

वाऱ्याची मात्र आमच्याकडे ददात नाही. आषाढात पाऊस घाटमाथ्यावर पडतो आणि उरलेला वारा आम्हाला मिळतो. पर्जन्यछायेचा एवढा एकच फायदा, आणि तो आजवर कुणी वापरलेला नाही. शिकाऊ माणसाला ताशी पंधरा-वीस किलोमीटरचा वारा भरपूर झाला. आषाढातला त्याच्या पुढे जातो, म्हणून शिकायला दिवाळीनंतरचा हंगाम बरा. तलावही तेव्हा भरलेला असतो, आणि ऊस तुटायचा असल्यामुळे खिसा रिकामा. दोन्ही एकदम भरलेले कधी सापडत नाहीत.

आता होडी कुठली. आमच्या भागात स्वस्तातली पहिली होडी म्हणून एकच उत्तर आलं, काहील. दौंड तालुक्यात गुऱ्हाळांना तोटा नाही, त्यामुळे काहिलीही आहेत. गुळाच्या काहिलीत बसून पूर ओलांडणं कृष्णा-पंचगंगेकाठी नवं नाही. पण काहिलीला नाळ नाही, पाण्याखालची फळी नाही, सुकाणू नाही. ती गोल असल्यामुळे गोल फिरते. तिच्यावर शीड लावलं तर वारा जिकडे नेईल तिकडे ती जाईल, आणि परत आणायला टेम्पो लागेल. शिवाय गुऱ्हाळ सुरू झालं की मालक काहील परत मागतो, मग तुम्ही तलावाच्या मध्यावर असा की काठावर.

दुसरं टोक म्हणजे पुतण्याने मोबाईलवर दाखवलेली 'म्हादेई'. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात बांधलेली 56 फुटी नौका. तीत बसून दिलीप दोंदे 2009 मध्ये मुंबईहून एकटे निघाले आणि पृथ्वीला वळसा घालून 2010 मध्ये परत आले. भारतातून असं करणारे पहिले. "काका, आपला मराठी माणूस!" पुतण्या म्हणाला. मी त्याला सांगितलं की बाबा, त्यांची होडी नौदलाने दिली होती. आणि 56 फुटी नौका व्हिक्टोरिया तलावात घातली तर नाळ या काठाला असताना मागची बाजू त्या काठाला विचारील, निघायचं का? केबिन, आत झोपायला जागा, चहा करायला ओटा, हे सगळं ज्यांना पहिल्याच होडीत हवं असतं त्यांना खरं तर फार्महाऊस हवं असतं.

या दोन टोकांच्या मधे जगातल्या नवशिक्यांनी काय वापरलं ते बघू लागलो तर एक आश्चर्य दिसलं. लहान होड्यांचा सगळा इतिहास प्लायवुडच्या 8 बाय 4 च्या शीटवर उभा आहे. 1947 मध्ये फ्लोरिडातल्या क्लार्क मिल्स नावाच्या बोटबांधणाऱ्याने पोरांसाठी दोन शीटमधून निघेल अशी चौकोनी तोंडाची होडी काढली, तिचं नाव ऑप्टिमिस्ट. लांबी 2.36 मीटर, वजन 35 किलो. आज जगभरातली मुलं पहिल्यांदा तीतच बसतात, आपल्याकडच्या क्लबांतही. किंमत, वजन, सुरक्षितता सगळ्या बाबतींत पहिल्या नंबरची होडी. एकच अडचण, ती पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. मी एकदा तीत बसून बघितलं. मी बसलो तेवढ्यात होडी दिसेनाशी झाली, आणि काठावरच्या पोरांना वाटलं की मी पाण्यातच मांडी घालून बसलोय.

मग लेझर. ब्रूस कर्बी या कॅनडातल्या माणसाने आखलेली, 1971 पासून बाजारात असलेली, एका माणसाची होडी. 4.23 मीटर लांब, रिकामी साठ किलोच्या आत, एक शीड, तीन-चार दोऱ्या. हल्ली तिला आयएलसीए म्हणतात. ऑलिम्पिकमध्ये हीच असते. मुंबईच्या आर्मी यॉटिंग नोडमध्ये तयार झालेल्या विष्णू सरवणनने 2023 च्या हांगझोऊ एशियाडमध्ये हिच्यावरच कांस्य घेतलं. जुनी लेझर स्वस्तात मिळते, आणि का मिळते ते तीत बसल्यावर कळतं. शरीर बाहेर काढून पाठीवर वाकून बसावं लागतं, शीड फिरताना आडव्या दांड्याखालून डोकं वेळेवर काढावं लागतं, आणि नवशिक्याच्या हातात ती दर थोड्या वेळाने उलटते. उलटली तर घाबरायचं कारण नसतं. पाण्याखालच्या फळीवर उभं राहून वजन टाकलं की सरळ होते, आत आलेलं पाणी आपोआप बाहेर जातं. पंचविशीतल्या माणसाला यात गंमत वाटते. पन्नाशीत फळीवर चढायला खाली स्टूल लागतं.

इथे ट्रॅक्टरवाल्यांसाठी एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण आपल्या हाताला वर्षानुवर्षांचं वळण असतं. होडीला ब्रेक नाही. थांबायचं असेल तर हातातली शिडाची दोरी सोडायची. शीड फडफडतं, त्यातला वारा निघून जातो आणि होडी उभी राहते. आपण घाबरलो की नेमकं उलट करतो, जे हातात असेल ते गच्च आवळतो. दोरी आवळली की शीड भरतं, होडी पळते, कलते, आपण आणखी आवळतो. सुकाणूचाही तोच घोळ. दांडा डावीकडे ढकलला की होडी उजवीकडे जाते. रिव्हर्समध्ये दोन चाकी ट्रॉली लावणाऱ्यांना मात्र हे लगेच जमतं, त्यांचं आयुष्यच उलट्या स्टिअरिंगमध्ये गेलेलं असतं. आमच्या गावात असे किमान पन्नास जण सापडतील, आणि त्यांना कुणी कधी नौकानयनासाठी विचारलेलं नाही.

माझ्या वयाला आणि वजनाला पटणारी ठरली ती एंटरप्राइझ. इंग्लंडच्या जॅक होल्टने 1956 मध्ये आखलेली, तेरा फुटांच्या वर, निळ्या शिडांची, दोन माणसांची. आपल्याकडच्या क्लबांत ही पिढ्यान् पिढ्या चालली. 1982 च्या एशियाडची नौकास्पर्धा मुंबईत झाली तेव्हा तीत एंटरप्राइझचीही शर्यत होती. फरोख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी त्या वेळी सुवर्ण आणलं ते मात्र फायरबॉल या दुसऱ्या होडीत. दोन माणसांची होडी रुंद असते, बसायला फळी असते, एकाने सुकाणू धरायचं आणि दुसऱ्याने पुढचं लहान शीड. दुसरं माणूस कोण, यावर घरी चर्चा झाली.

"तुम्ही सुकाणू धरणार आणि मी दोरी ओढायची?" सौभाग्यवतींनी विचारलं.

"हो. मी सांगेन तेव्हा."

"मग उलटं करू. दोरी तुम्ही ओढा. घरात सवय आहे तुम्हाला."

नव्या होडीची किंमत विचारायच्या आधी कराचं विचारलं, आणि बरं झालं. 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीचे नवे दर आले. ट्रॅक्टर 5 टक्क्यांवर आला, ते योग्यच. मौजेच्या आणि खेळाच्या नौका गेल्या 40 टक्क्यांत. त्या रांगेत कोण कोण आहे ते बघितलं तर खाजगी विमानं, पिस्तुलं आणि रिव्हॉल्व्हर. म्हणजे दोन शीट प्लायवुडची डबी घेणारा माणूस सरकारदरबारी विमानवाल्यांच्या आणि पिस्तूलवाल्यांच्या मधोमध उभा. मासेमारीच्या नौकेला मात्र 5 टक्केच. हे ऐकून मेहुणे म्हणाले, "दाजी, एक गळ टाका ना मागनं सोडून." मेहुण्यांचा सल्ला करविषयक बाबतींत मी घेत नाही, पण त्यामुळे एक गोष्ट नक्की झाली. घ्यायची तर दुसऱ्या कुणी वापरलेली घ्यायची, कारण घरगुती माणसाकडून घरगुती माणसाने जुनी वस्तू घेतली तर जीएसटीचा प्रश्न येत नाही. आणि मेहुण्यांना बरोबर न्यायचं, कारण बैलबाजारात त्यांनी घेतलेलं जनावर आजवर लंगडलेलं नाही.

मुंबईत एका गृहस्थांकडे जुनी एंटरप्राइझ होती, फायबरची. ते इंग्रजीमिश्रित मराठीत तिचं वर्णन करत होते आणि मेहुणे न बोलता तिच्याभोवती फिरत होते. मग त्यांनी काम सुरू केलं. तळव्याने वरचा पृष्ठभाग जागोजागी दाबला. एका ठिकाणी तो दबला, तिथे बोट ठेवून ते माझ्याकडे बघून हसले. खिशातून पाच रुपयांचं नाणं काढून सगळीकडे वाजवलं. खणखणीत आवाज मधेच बद्द झाला, तिथे खडूने खूण केली. मग मला नाळ धरायला लावून स्वतः मागची बाजू उचलली आणि खाली ठेवली. "पाणी प्यालीय. आत मुरलंय. हलकी असायला पायजे, जड लागती." ते अगदी खरं होतं. अशा होड्यांच्या पोकळीत तरंगण्यासाठी फोम भरलेला असतो. तो एकदा भिजला की वाळत नाही, आणि नव्वद-शंभर किलोची होडी गुपचूप सव्वाशेला जाते. सुकाणू अडकवायच्या बिजागऱ्या त्यांनी हलवून बघितल्या, डोलकाठीचा पाया बघितला, शिडाचं कापड चुरगाळून कानाशी नेलं. चांगलं शीड कुरकुरतं, हे मऊ पडलं होतं आणि काहीच बोललं नाही. मालकांचा चेहरा उतरला. तेवढ्यात मेहुण्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला, मालकांच्या हातावर टाकला आणि त्याखाली त्यांची बोटं धरली. मालकांनी हात मागे ओढला. बैलबाजारात भाव असाच ठरतो, हे मी त्यांना समजावेपर्यंत ते दोन पावलं मागे गेले होते. सौदा झाला नाही, पण जुनी होडी कशी तपासावी हे याहून नीट मला कुणी दाखवलेलं नाही. इंजिन नसलेल्या वस्तूत फसवायला जागा फक्त चारच असतात. दाबा, वाजवा, उचला आणि शीड चुरगाळा.

परतीच्या वाटेवर टोलनाक्याच्या अलीकडे चहाला थांबलो, तेव्हा मेहुणे म्हणाले, "आपला सुतार करील की."

आपला सुतार दिवाण करतो, दारं करतो, गेल्या वर्षी त्याने बैलगाडीचं मखर केलं. त्याच्यासमोर मी मिररचा नकाशा ठेवला. ही होडी 1963 ची. जॅक होल्ट हेच आखणारे, आणि टीव्हीवर लोकांना घरकाम शिकवणारे बॅरी बकनेल त्यांच्या जोडीला. इंग्लंडच्या 'डेली मिरर' वृत्तपत्राने ती काढली म्हणून तिची शिडं लाल. सामान्य माणसाने स्वतःच्या गॅरेजमध्ये जोडावी म्हणून तिचा संच विकत मिळायचा. पहिली किंमत 63 पौंड 11 शिलिंग. प्लायचे तुकडे तांब्याच्या तारेने एकमेकांना शिवायचे, मग शिवणीवरून फायबरची पट्टी आणि रेझिन, झाली होडी. सत्तर हजारांवर मिरर अशा निघाल्या.

सुताराने नकाशा उलटा धरून बराच वेळ वाचला. "प्लाय कोणतं?"

"710. मरीन."

"ती बाथरूमच्या दाराला लावतो आपण." इथपर्यंत आमचं जमलं. "आणि इथे खालून बॉक्स दाखवलाय. स्टोरेज द्यायचं का दिवाणासारखं?"

"बॉक्स द्यायचा. पण पक्का बंद. आत काही ठेवायचं नाही."

"मग कशाला?"

"हवा ठेवायची. उलटली तर बुडू नये म्हणून."

"हवा ठेवायला 710 ची प्लाय?" त्याने पेन्सिल कानावर ठेवली. "साहेब, हवा फुकट असती, तिला बॉक्स नसतो करत कुणी."

तरी त्याने अंदाज दिला. प्लायची शीटं, रेझिन, तांब्याची तार, सागाचा एक वासा डोलकाठीला. शीड तयार घेतलं तर होडीइतकंच महाग जातं, पण त्यालाही उत्तर आमच्याकडे होतं. स्वस्तातल्या लहान होड्यांना ताडपत्रीचं शीड परदेशातही चालतं, आणि कांद्याच्या चाळीवरची निळी ताडपत्री पाटसमध्ये कुणाच्या घरी नाही? कडेला दोरी शिवून घेतली की एक हंगाम निघतो. काम झालं नाही तर ताडपत्री परत कांद्यावर.

इथेच लाकडी होडीचं पारडं गावाच्या दृष्टीने जड झालं. फायबरची होडी फसली तर फसली. प्लायची होडी फसली तर तिची गव्हाण होते, कोंबड्यांना आडोसा होतो, वासराला पाणी पाजायला कामाला येते. पारावरच्या आजोबांनीही होकार दिला तो यावरच. "नाय चालली पाण्यात, तर गोठ्यात चालंल." पहिल्या वस्तूच्या बाबतीत माझंही मत आता तेच आहे. नवशिक्याची होडी अशी हवी की दोघांनी उचलून ट्रॉलीत टाकावी, उलटली तर एकट्याने सरळ करावी, काठावर आपटली तर गावच्या सुताराने दुरुस्त करावी, आणि दोन हंगामांनी कंटाळा आला तर तेवढ्यालाच विकता यावी. दहा ते चौदा फूट, दोन माणसं, एखादं लहान शीड जास्त. याच्या पलीकडचं सगळं, ते पितळी खिळे, जीपीएस आणि पांढरी टोपी, शेजाऱ्यांसाठी असतं.

सुताराचं काम ऊसतोडीनंतर सुरू होईल, कारण मजुरी तेव्हाच देता येईल. तोवर ज्यांना शिकायची घाई आहे त्यांनी मुंबईला जाऊन एखाद्या क्लबाच्या होडीत आधी उलटून यावं. दुसऱ्याच्या होडीत उलटणं हा या छंदातला सगळ्यांत स्वस्त धडा आहे. पाटबंधारे खात्याची परवानगी काढायची आहे. अर्जात "प्रयोजन" या रकान्यात काय लिहावं यावर घरात तीन मतं आहेत.

आणि वाचकांना एक विनंती. कुणाच्या गोडाऊनमध्ये, बंगल्यामागे, पुण्यातल्या एखाद्या निवृत्त फौजी काकांच्या गॅरेजमध्ये जुनी मिरर किंवा एंटरप्राइझ धूळ खात पडली असेल, तर कळवा. फोम कोरडा असावा, शीड कुरकुरणारं असावं. बघायला मेहुणे येतील, त्यांच्या रुमालाला घाबरू नका. न्यायला ट्रॉली आमची आहे.